झाकणपोळीचा साटा

तानूबाईनं नाक मुरडलं नाही अशी गोष्ट रणसिंगपेठेत शोधून सापडली नसती. नळाचं पाणी तिला मेलेलं वाटायचं. बेकरीचा पाव पोकळ, शेजारणीचं तूप करपलेलं आणि शेजारीण तुपाहून करपलेली. तरी सगळी पेठ तिचं ऐकून घ्यायची, कारण बंगळुरातल्या मराठी लग्नात चिरोटे करावेत तर तानूबाईनं, म्हणजे पेठेच्या तानक्कानंच. प्राजक्ताचं फूल भुईला टेकताना जेवढा आवाज करतं, तेवढाच आवाज करून तिचा चिरोटा मोडायचा. मग पदर सुटायचे, एकाखाली एक, एकाखाली एक, आणि खाणारा बोलता बोलता गप्प व्हायचा.

सगळी करामत साट्याची. साटा म्हणजे लाटलेल्या पोळ्यांच्या मधे माखायचं तूप आणि तांदळाचं पीठ. तानूबाई पितळी परातीत तूप घ्यायची, वर गार पाणी घालायची आणि तळव्यानं फेसायची. फेसायची चाळीस ओव्या होईतो. भिंतीवर आप्पाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, किल्लीचं घड्याळ होतं. पण तूप कधी पांढरं झालं ते घड्याळाला काय कळतं, असं ती म्हणे. ओवीला कळतं. तिसाव्या ओवीला तळवा हलका व्हायचा, पस्तिसाव्याला परातीत चांदणं उतरायचं आणि चाळिसाव्याला ती पाणी ओतून टाकून तांदळाचं पीठ भुरभुरवायची.

साटा फेसते फेसते
जाईचं गं फूल झालं
पाण्याला वजन आलं
तुपापायी

ह्या ओव्या घरात एकालाच येत नव्हत्या, सुनेला. चंद्राबाई निपाणीकडची. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, ती थंडगार हात घेऊन. उन्हाळा असो, चुलीपुढं बसलेली असो, तिच्या बोटांना ऊब म्हणून नाही. पहिल्याच दिवाळीला तिनं हौसेनं परातीत हात घातला आणि तुपाच्या गाठी झाल्या, गारा पडाव्यात तशा. तानूबाईनं परात हिसकावून घेतली. त्या दिवसापासून चंद्राबाईनं पाणी शेंदावं, तांदूळ धुवावेत, पीठ चाळावं आणि परातीपासून चार हात लांब बसून ऐकावं. तिनं ऐकावं म्हणूनच तानूबाई मधूनच एक ओवी जोडायची:

सून माझ्या घरामंदी
हात तिचे बर्फखडे
तूप थिजे, कोण काढे
परातीचं

"आई, पुरे की," तानूबाईचा मुलगा ज्योतिबा एखाद्या वेळी म्हणायचा.

"तुला झोंबलं काय? साट्याला झोंबलं ते बघ आधी."

चंद्राबाई हसायचीही नाही, रडायचीही नाही. चाळणीच्या कडेवर दोन बोटं टकटक वाजवायची आणि पीठ पडत राहायचं.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकोणसाठच्या वैशाखात, बसवनगुडीच्या वासुदेवरावांच्या घरी प्रतिमाचं लग्न ठरलं. त्या घरची तीन लग्नं तानूबाईच्या परातीनं केली होती. प्रतिमाच्या बारशाला पहिल्या चिरोट्याचा चुरा तानूबाईनंच तिच्या जिभेवर ठेवला होता. चाल अशी होती, की लग्न ठरलं की घरच्या बाईनं तानूबाईची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. तिला परातीची ओटी म्हणत. ती भरली की तानूबाईची परात त्या घरात शिरे आणि तिचा साटा होईतो दुसऱ्या कुणाचं गोड चुलीवर चढत नसे. वासुदेवरावांच्या आई, सावित्रीबाई, होत्या तोवर हे कधी चुकलं नाही. पण सावित्रीबाई गेल्या होत्या. आता राज्य त्यांच्या सुनेचं, सुशीलाबाईंचं.

लग्नाला तीन आठवडे उरले तरी ओटी आली नाही. आला तो निरोप: येऊन भेटा.

सुशीलाबाई मूळच्या पुण्याच्या. वासुदेवराव यंत्रांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. कारखान्यानं त्यांना दोन वर्षं इंग्लंडात धाडलं होतं आणि सुशीलाबाईही बरोबर गेल्या होत्या. परत येऊन चार वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं अजून बोटीवरून उतरलं नव्हतं. त्यांनी तानूबाईला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून समोर एक जाडजूड पुस्तक उघडलं.

"तानूबाई, वासुदेवरावांच्या ओळखीची चार इंग्रज जोडपी लग्नाला येणार आहेत. त्यांच्यापुढे तुमचे ते तुपकट चिरोटे कसे ठेवायचे? त्यांच्यासाठी ॲपल पाय हवा."

तानूबाईनं चित्र पाहिलं. थाळीएवढी गोल तांबूस वस्तू, कडेला चुण्या, मधे चीर. "खाली पोळी, वर पोळी. झाकणपोळी म्हणा की."

"तिला पाय म्हणतात."

"म्हणू देत. आत काय?"

"सफरचंद. पण सध्या मिळत नाहीत. कॅन्टोन्मेंटमधल्या बायका त्याऐवजी सीमे बदनेकाई, ती हिरवी, सुरकुतलेली फळभाजी, शिजवून घालतात. साखर, लिंबू, लवंग घातलं की कुणाला ओळखू येत नाही."

"अय्यो, सांबारातली बदनेकाई? म्हंजे पोळी खरी, पोट खोटं."

सुशीलाबाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. "खरी परीक्षा कवचाची. हलकं हवं, खुसखुशीत हवं, आणि सुरी लावली की उभं राहायला हवं."

"कशात करतात? लोण्यात का तुपात?"

सुशीलाबाईंनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "पुस्तकात चरबी लिहिलीय. डुकराची. आपण अर्थात वनस्पती घालायचं."

"तुमी तिकडं खाल्ली, ती कशातली?"

"मला ठाऊक नव्हतं."

"दोन वर्सं?"

सुशीलाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं. "हे पाहा, एका घरात दोन आचारी मला नकोत. रविवारी या आणि इथे, माझ्यासमोर, करून दाखवा. जमलं तर पायही तुम्ही करा आणि चिरोटेही तुम्हीच करा. नाही तर दोन्ही कॅन्टोन्मेंटच्या बेकरीला सांगेन. आणि पाहुण्यांसमोर ते कानडी अक्का, स्वल्प, सरी नको. शुद्ध बोला." त्यांनी वनस्पती तुपाचा पिवळा डबा तिच्या हाती दिला. "हे घेऊन जा. सराव करा."

चंद्राबाई फाटकाशी थांबली होती. तिनं डबा हातात घेतला आणि दोघी रस्त्याला लागल्या. बुल टेंपलचा चढ तानूबाई तरातरा चढली. मग एका गुलमोहराखाली थांबून म्हणाली, "सराव कर म्हणे. ह्या बाईला ती नवी नवरी असताना मी चुलीपुढं घामानं भिजलेली बघितलीय, पुरणात मीठ घातलं म्हणून रडत होती. शुद्ध बोल म्हणे. रडताना शुद्ध होती काय?"

"आत्याबाई, सोडून द्या की ते लगीन. तुम्हाला कामं काय कमी आहेत?"

तानूबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की चंद्राबाईनं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "ते घर सोडू? प्रतिमाच्या लग्नात बेकरीवाल्याचा चिरोटा? त्याचा चिरोटा आणि चपलीचा तळ शेजारी ठेवला तर कावळा तळ उचलील. त्या घरात परात गेली न्हाई ना, तर मी परात पालथी घालून तिच्यावर शेण थापते बघ."

हे ती रागानं बोलली, पण चंद्राबाईला कळलं की खरं बोलली. बसवनगुडीनं परात नाकारली असं एकदा पसरलं, की चामराजपेठही नाकारेल आणि मल्लेश्वरमही. मग तानक्काला उरेल काय? नळाच्या पाण्याला नावं ठेवणं.

बुधवारी तिनं पहिली झाकणपोळी केली, आपल्या रीतीनं. मैदा पाट्यावर कुटून कुटून कानाच्या पाळीसारखा मऊ केला. तूप चाळीस ओव्या फेसलं. पितळी पातेल्यात वाळू घालून तापवली, वर निखाऱ्यांचं झाकण ठेवलं, की झाली भट्टी. तासाभरानं बाहेर आली ती झाकणपोळी कातड्यासारखी ताणली जात होती आणि तूप सगळं तळाशी उतरलं होतं. आप्पाजींनी एक तुकडा दाढेखाली धरला. पेठेत कपडे शिवण्यात जन्म घालवलेला माणूस, त्यांनी तो बाहेर काढून निरखला आणि म्हणाले, "हिला काज करता येईल."

"तुमच्या तोंडाला करा आधी," तानूबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिनं मैदा कुटला नाही, नुसता मळला. तूप तेच. ह्या खेपेला पोळी अशी भुसभुशीत झाली की उचलताना पांढऱ्या मातीच्या भिंतीसारखी कोसळली आणि आतली बदनेकाई ताटभर पसरली. चव चांगली होती. पण चव चमच्यानं खायची? सुशीलाबाईची सुरी लागायची होती तिला.

दुपारी तिनं नाक धरून तो पिवळा डबा उघडला. वनस्पती बोटावर घेतलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "रंग न्हाई, वास न्हाई, गाव न्हाई. कुठल्या गाईचं? कुठल्या तिळाचं? आईबापाचा पत्ता नसलेलं तूप आहे हे." त्याची पोळी झाली मात्र देखणी. उभी राहिली, कापली गेली, कड मोडली नाही. खाल्ल्यावर टाळूला मेणाचा लेप बसला तो संध्याकाळच्या चहानंही सुटेना.

"दिसायला सुशीलाबाई," तानूबाई म्हणाली, "आणि खायलाही सुशीलाबाईच."

शुक्रवारी तिला लोणी आठवलं. आठवलं म्हणजे काय, तूप लोण्याचंच होतं. पण ते कढवलेलं, त्यातलं पाणी गेलेलं, ताक गेलेलं. इंग्रज मेला कढवत नाही, असं सुशीलाबाईच बोलून गेली होती. आळशी जात, तानूबाईनं ठरवलं, कढवायचाही कंटाळा. तरी तिनं घरच्या दह्याचं लोणी काढलं, सात पाण्यांनी धुतलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यात ठेवलं. अर्धं घेतलं. मैद्यात घालून, परात मांडीत धरून, तळव्यानं चोळायला लागली आणि ओवी धरली.

सहाव्या ओवीला लोणी वितळायला लागलं. वैशाखाची दुपार, चुलीजवळची जागा आणि त्यात तो तळवा, चाळीस वर्षं तुपाला ऊब देऊन देऊन पांढरं करणारा. बाराव्या ओवीला मैदा तेलकट, पिवळा, चकाकणारा झाला. विसाव्याला तानूबाईनं परात ढकलून दिली. ती इतक्या जोरानं फिरली की भिंतीला लागून वाजली.

"टाक गायीला! सगळं टाक गायीला! मैदा टाक, लोणी टाक, त्या बाईलाही टाक!" आणि पदरानं तोंड पुसत ती मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारू लागली.

चंद्राबाईनं तो चिकट गोळा गायीच्या पाटीत टाकला. माठातलं अर्धं लोणी टाकवेना. ते तिनंच घुसळलं होतं. तिनं परात पुसली, मैदा घेतला, चिमूटभर मीठ, आणि लोण्याचे तुकडे करून वर टाकले. तळवा लावायचं धाडस तिला होईना. बारा वर्षांपूर्वीच्या त्या गाठी अजून तिच्या डोळ्यांपुढं होत्या. म्हणून नुसत्या बोटांच्या टोकांनी ती पीठ उचलत राहिली आणि सोडत राहिली, धान्यातला खडा शोधावा तसं. ओवी तिला येत नव्हती. तोंड मिटूनच काम चाललं. लोण्याचे तुकडे मोडले, पण वितळले नाहीत; मैद्यात लोळून हरभऱ्याच्या डाळीएवढे झाले आणि तसेच राहिले. गार पाणी शिंपडून तिनं गोळा केला न केला तोच दारात तानूबाई.

"काय चाललंय?"

चंद्राबाईनं हात परातीतून काढून पाठीमागं नेले.

तानूबाईनं गोळा उचलला, फोडला. आत पांढरे ठिपके. "हे काय? लोणी आहे का ह्यात, का डाळ पडलीय? मिसळलं का न्हाईस? कंबर दुखली काय? एक गोष्ट शेवटापतूर न्हेता येत न्हाई ह्या बाईला!"

"आत्याबाई, मी टाकते गायीला."

"गायीनं काय पाप केलंय? थांब. भाजूनच दाखवते तुला तुझा आळस. नवऱ्यापुढं वाढ म्हणजे त्यालाही कळंल."

तिनं रागारागानं तो गोळा लाटला, भांड्यात बसवला, उरलेली बदनेकाई आत ओतली, वरून झाकण चिकटवलं आणि निखारे ठेवले. नेहमी ती भाजणीकडं बघायची. ह्या खेपेला पाठ फिरवून बसली. पण नाकाला पाठ नसते. अर्ध्या तासानं दुधाळ, भाजका, खमंग वास घरभर झाला आणि आप्पाजी शिवणयंत्रावरून उठून आत आले.

झाकणपोळी निघाली तेव्हा वरचं कवच फुगलं होतं. तानूबाईनं कड मोडली. आवाज झाला, लहानसा. प्राजक्ताचा नव्हे; वाळक्या सागाच्या पानावर चिमणी उतरते तसा. तिनं तुकडा उजेडाला धरला आणि चिरोट्याचे मोजायची तसे नखानं पदर मोजायला लागली. जिथं जिथं लोण्याची डाळ होती तिथं आता पोकळी होती, आणि पोकळीच्या वर पदर, खाली पदर. नऊ मोजले. पुन्हा मोजले. नऊच.

आप्पाजी तिच्या तोंडाकडं बघत होते. ज्योतिबा कामावरून नुकताच आला होता, तोही उंबऱ्यात थांबला. चंद्राबाई मागं भिंतीला टेकली होती, हात अजून पाठीशी.

तानूबाईनं तुकडा तोंडात टाकला. चावला. गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

शनिवारी दिवसभर तिनं चंद्राबाईला परातीशी बसवलं आणि स्वतः पाटावर बसून तिचा उद्धार केला. बोटं अशी काय धरतेस, मेलेली पाल उचलल्यासारखी. पाणी जास्त झालं, डोळे आहेत का बटणं. लिंबाचे चार थेंब घाल, पीठ ताणत न्हाई. आता थांब. थांब म्हटलं ना! थांबायला सांगायचं हेच तानूबाईला सगळ्यांत जड जात होतं. जन्मभर तिनं कुठलंही काम चाळिसाव्या ओवीपर्यंत नेलं होतं, आणि ही झाकणपोळी म्हणे पाचव्या ओवीला सोडून द्यायची, लोणी अर्धवट असतानाच. अर्धवट टाकण्यालाच ज्यात कला म्हणतात तसला पदार्थ इंग्रजालाच सुचावा. पण ती पाच ओव्या म्हणायची आणि पाचवी संपली की ओठ आवळून घ्यायची.

दुपारच्या उन्हात नुसत्या लोण्याची पोळी कडेनं खचायला लागली. तानूबाई बराच वेळ तिच्याकडं बघत बसली. मग उठली, पिवळा डबा घेऊन आली आणि तो चंद्राबाईपुढं आदळला.

"तीन वाटे लोणी, एक वाटा हे."

"तुम्हीच म्हणाला होता, वास न्हाई, गाव न्हाई."

"गाव नसलेलं माणूस ऊन सोसतं. घाल मुकाट्यानं."

घातलं. कड उभी राहिली आणि चव लोण्याचीच राहिली. संध्याकाळी ज्योतिबानं तीन तुकडे खाल्ले आणि बायकोकडं बघून हसला. तानूबाईनं त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

आता प्रश्न एकच उरला, आणि तो तानूबाई रात्रभर कुशीवर वळवत होती. सुशीलाबाईनं बोलावलं होतं तानक्काला. रणसिंगपेठेतली साट्याची राणी तिथं जाऊन म्हणणार काय? माझे हात चालत नाहीत म्हणून? त्या बाईला? सकाळी उठल्या उठल्या तिनं तोड काढली. "मैदा-लोण्याचं तू मागल्या दारी करायचं," तिनं सुनेला बजावलं. "भांडी घासायच्या कट्ट्यावर. मी आत बदनेकाई शिजवते आणि तिला बोलण्यात ठेवते. गोळा झाला की पदराखालून आण. पुढचं मी बघते."

"सरी, बरं," चंद्राबाई म्हणाली.

पण सुशीलाबाईंनी स्वयंपाकघराच्या मधोमध वेताची खुर्ची टाकून ठेवली होती. थंड कपाटातून लोणी काढून ठेवलं होतं, बर्फाचं पाणी होतं, आणि कोपऱ्यात विलायती भट्टी तापत होती. प्रतिमाही आली होती, आईच्या खुर्चीमागं उभी.

"मागल्या दारी काही जायचं नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "सगळं इथे. पहिल्यापासून. तानूबाई, मला तुमच्या हातांनी करताना पाहायचंय. बेकरीवाल्याचा माणूस संध्याकाळी येणार आहे. त्याला काय ते सांगायला हवं."

तानूबाई परातीपुढं बसली, चंद्राबाई तिच्या मागं. मैदा घेतला. मीठ घेतलं. लोणी आणि वनस्पती कापून वर टाकलं. मग दोन्ही हात परातीच्या वर धरले आणि तसेच ठेवले. आपल्याच तळव्यांची ऊब तिला तोंडाला लागत होती, ते इतके तापले होते. खाली लोण्याचे तुकडे पांढरे, चौकोनी, अजून घट्ट. हात घातला की पाच ओव्यांत काम तमाम. नाही घातला तर ही बाई ह्या वेताच्या खुर्चीवरून हसणार.

"काय झालं?" सुशीलाबाई म्हणाल्या. "आठवत नाही का? पुस्तक वाचून दाखवू?"

प्रतिमा हळूच म्हणाली, "आई, राहू दे की."

तानूबाईनं परात उचलली आणि वळून चंद्राबाईच्या मांडीवर ठेवली.

"तू कर."

"आत्याबाई..."

"कर म्हणते ना! मुहूर्त बघतेस काय?"

"हे काय?" सुशीलाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "मी तुम्हाला बोलावलंय, तुमच्या सुनेला नाही. तुमच्या हाताला काय झालंय?"

"माझ्या हाताला काही झालं न्हाई. माझ्या हातानं तुमच्या घरचे चिरोटे होतात, तुमच्या सासूबाई देवापुढं ठेवायच्या ते. ही झाकणपोळी चिरोटा न्हवं. हिला ऊबदार हात चालत न्हाई. हिला असले पायजेत." तिनं चंद्राबाईचं मनगट धरून वर उचललं, बाजारातली कोथिंबिरीची जुडी दाखवावी तसं. "लावून बघा. मढ्यासारखे. बारा वर्सं घरात ठेवलेत, कशालाच उपयोग न्हवता. तुमच्या इंग्रजांसाठीच देवानं केले असणार."

सुशीलाबाईंनी बोट लावलं आणि मागं घेतलं.

चंद्राबाई मान खाली घालून कामाला लागली. तानूबाईनं ओवी धरली. एक झाली, दोन झाल्या. सुशीलाबाईंना ते गावंढळ वाटत होतं, त्यांच्या नाकावर दिसत होतं. पण प्रतिमाचे ओठ हलत होते, कारण ह्या ओव्या तिनं लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकल्या होत्या. पाचवी ओवी चालू झाली:

लेक चालली सासरी
मागं बघते वळूनी
ठेवा पदर जुळूनी

चंद्राबाईची बोटं थांबायच्या बेतात नव्हती. घाबरल्यामुळं ती आणखी चोळू पाहत होती, सासूला आवडेल असं पुरतं, शेवटपर्यंत. लोण्याची डाळ बारीक होत चालली. तानूबाईनं ते पाहिलं आणि ओवीचा शेवटचा तुकडा तोंडातच गिळला. अर्धी ओवी तिनं जन्मात कधी टाकली नव्हती. त्या शांततेनं चंद्राबाईचे हात जागच्या जागी थांबले.

"बास," तानूबाई म्हणाली. "राहू दे अर्धवट."

झाकणपोळी भट्टीत गेली आणि पाऊण तासानं बाहेर आली. सुशीलाबाईंनी ती निवेपर्यंत वाट पाहिली, मग सुरी लावली. वाळक्या पानावर चिमणी उतरली. तुकडा काचेच्या बशीत उभा राहिला, कड ताठ, पदर दिसत होते. सुशीलाबाईंनी काट्यानं घास घेतला. प्रतिमानं हातानंच घेतला.

"आई, कॅन्टोन्मेंटला खाल्ला होता त्याहून चांगलाय," प्रतिमा म्हणाली.

सुशीलाबाई बराच वेळ चावत होत्या. "साखर किंचित कमी चालली असती," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासानंतर त्यांनी प्रतिमाला हाक मारायची गरज नसताना हाक मारली. "प्रतिमा, त्या बेकरीवाल्याला फोन करून सांग, येऊ नकोस. आणि आजीच्या कपाटातला खण आण."

खण आला, हिरवा, मोराच्या काठाचा. नारळ, तांदूळ आले. सुशीलाबाई उठल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि तानूबाईपुढं वाकल्या.

तानूबाईनं पदर पुढं केला नाही. "परातीची ओटी आहे ना ही?"

"हो. तीच तुमची ती पद्धत."

"मंग परातीत हात कुणाचा होता? तुमी समोर खुर्ची टाकून बसला होता की. का डोळे इंग्लंडात राहिलेत?"

सुशीलाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या, नारळ हातात. मग त्या एक पाऊल सरकल्या. चंद्राबाई इतकी गोंधळली की पदर पसरायचं सोडून पिठाचे हात पाठीमागं न्यायला लागली.

"लाज आणू नको," तानूबाई तिच्यावर खेकसली. "पदर धर नीट. ओटीही कधी घेतली न्हाई म्हणतील बसवनगुडीत."

चंद्राबाईनं पदर धरला. तांदूळ पडले, नारळ पडला, मोराच्या काठाचा खण पडला. तानूबाईनं तोंड खिडकीकडं केलं होतं आणि ती सुशीलाबाईंच्या खिडकीच्या पडद्याला नावं ठेवत होती, पुटपुटत.

दुपारी दोघी बसची वाट बघत रस्त्याकडेला उभ्या होत्या. ऊन असं, की डांबर चपलेला धरत होतं. चंद्राबाईच्या डोक्यावर परात, कमरेला ओटी.

"चिरोट्यांच्या साट्याला हात लावशील तर याद राख," तानूबाई म्हणाली. "ते माझं. तुझं हे झाकणापुरतं."

"हं."

"आणि उद्यापासनं ओव्या शीक. पाच तरी. मुक्यानं करतेस ते बरं दिसत न्हाई."

"हं."

बस येईना. तानूबाईचं कपाळ ठणकत होतं, डोळ्यांपुढं पांढरे ठिपके नाचत होते, लोण्याच्या डाळीसारखे. तिनं एकदा रस्त्यावर नजर टाकली, ओळखीचं कुणी नाही असं पाहिलं, आणि चंद्राबाईचा मोकळा हात ओढून आपल्या कपाळावर दाबून धरला.

"मढ्याचे मेले," ती डोळे मिटून म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "परात खाली ठेव. दुसराही दे."